अंडे फोडल्यानंतरचे विज्ञान : प्रक्रिया केलेली अंडी आणि त्यांचे उपयोग



मागे एकदा नववीच्या वर्गात सूक्ष्मजीवांचा पाठ शिकवत होते. अन्नविषबाधा हा मुद्दा आला आणि मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "मॅडम, माझा मामेभाऊ हैदराबादला असतो. तो म्हणतो, तिकडे मेयोनीजवर बंदी आणली होती. मग आपण फ्रँकीत खातो ते मेयोनीज चालतं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता, पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. त्यासाठी अंडं फोडल्यानंतर त्याचं काय काय होतं, हे समजून घ्यावं लागतं. आजचा पाठ त्यासाठीच आहे. पाठाच्या शेवटी या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं आहे, बरं का!

प्रक्रिया केलेली अंडी म्हणजे काय?

आपण दुकानातून कवचासकट अंडी आणतो. पण मोठ्या बेकऱ्या, बिस्किटांचे आणि आइस्क्रीमचे कारखाने, विमानात जेवण पुरवणारी स्वयंपाकघरं यांना रोज हजारो अंडी लागतात. तेवढी अंडी हाताने कोण फोडत बसणार? फोडली तरी टरफलाचा तुकडा आत पडतो, एखादं नासकं अंडं सगळा घाणा खराब करतं आणि जंतूंची भीती असतेच. म्हणून कारखान्यात अंडी यंत्राने फोडतात, गाळतात, ठरावीक तापमानाला तापवून जंतुमुक्त करतात आणि मग द्रव, गोठवलेल्या किंवा भुकटीच्या रूपात विकतात. यांनाच प्रक्रिया केलेली अंडी म्हणतात.

त्यांचे मुख्य चार प्रकार लक्षात ठेवा.

१) द्रव अंडी : पूर्ण अंडं, फक्त पांढरा बलक किंवा फक्त पिवळा बलक. पाश्चरीकरण करून थंड ठेवतात.
२) गोठवलेली अंडी : उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास साठवतात.
३) अंड्याची भुकटी : पाणी काढून टाकलेली. वजनाला हलकी आणि टिकायला सर्वांत चांगली.
४) तयार पदार्थ : उकडून सोललेली अंडी, तयार ऑम्लेट, भुर्जीचं मिश्रण इत्यादी.

आधी अंड्याची ओळख

साधारण ५५ ग्रॅमचं अंडं घेतलं, तर त्यात अंदाजे ६ ग्रॅम कवच, ३२ ग्रॅम पांढरा बलक आणि १७ ग्रॅम पिवळा बलक असतो. म्हणजे खाण्याचा भाग सुमारे ५० ग्रॅम.

पांढऱ्या बलकात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं. उरलेला बहुतेक भाग प्रथिनांचा. स्निग्ध पदार्थ जवळपास नसतातच. पिवळा बलक याच्या उलट. त्यात पाणी निम्म्याच्या आसपास, स्निग्ध पदार्थ साधारण ३० टक्क्यांच्या पुढे आणि प्रथिनं १६ टक्क्यांच्या जवळपास असतात. दोन्ही एकत्र केले की पूर्ण अंड्यात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. हा आकडा नीट लक्षात ठेवा, पुढे गणितासाठी लागणार आहे.

कारखान्यात काय होते?

अंडी आली की प्रथम ती धुऊन स्वच्छ करतात आणि प्रकाशासमोरून पुढे सरकवतात. आपली आजी अंडं उजेडासमोर धरून बघायची ना? तीच पद्धत. आत रक्ताचा ठिपका असेल, अंडं खराब असेल तर ते बाजूला काढतात. मग यंत्र कवच फोडतं. गरजेप्रमाणे पांढरा आणि पिवळा बलक वेगळा करतं. नंतर गाळणी, एकजीव करणं आणि त्यापुढे सर्वांत महत्त्वाची पायरी येते. ती म्हणजे पाश्चरीकरण.

आता इथे थोडा विचार करा. दुधाचं पाश्चरीकरण ७२ अंशाला १५ सेकंद करतात, हे तुम्हाला माहीत आहे. मग अंड्याचंही तसंच का करत नाहीत?

कारण सोपं आहे. ७२ अंशाला अंड्याची भुर्जी होईल! पांढरा बलक ६२ अंशाच्या आसपास घट्ट व्हायला लागतो. पिवळा बलक त्याच्या थोडा वर. नळ्यांमध्येच अंडं घट्ट झालं तर यंत्र बंद पडेल. म्हणून तापमान कमी ठेवायचं आणि वेळ वाढवायचा. अमेरिकेत पूर्ण अंड्याच्या द्रवासाठी ६० अंश सेल्सिअसला साडेतीन मिनिटं हे प्रमाण आहे. ब्रिटनमध्ये ६४.४ अंशाला अडीच मिनिटं. नुसता पांढरा बलक जास्त नाजूक, म्हणून तो ५६ ते ५७ अंशाला साडेतीन मिनिटं तापवतात. एवढ्या तापमानाला साल्मोनेला हा अन्नविषबाधा करणारा जिवाणू मरतो आणि अंडं मात्र द्रवच राहतं. म्हणजे किती अरुंद वाटेवरून हे काम चालतं बघा! चार-पाच अंश कमी पडले तर जंतू जिवंत, चार-पाच अंश जास्त झाले तर अंडं शिजलं.

अंडं पुरेसं तापलं की नाही, हे कसं ओळखायचं? ब्रिटनच्या पद्धतीत यासाठी एक सुंदर चाचणी आहे आणि ती तुम्हाला समजेल, कारण आयोडीनची परीक्षा तुम्ही प्रयोगशाळेत केलेली आहे. अंड्यात अमायलेज नावाचं विकर असतं. ते स्टार्चचं विघटन करतं. ६४.४ अंशाला अडीच मिनिटं तापवलं की हे विकर निकामी होतं. म्हणून तापवलेल्या अंड्याच्या नमुन्यात स्टार्च घालून काही वेळ उबदार ठेवतात आणि मग आयोडीन टाकतात. निळा-जांभळा रंग आला, तर स्टार्च शिल्लक आहे, म्हणजे विकर मेलं, म्हणजे पाश्चरीकरण नीट झालं. रंग आलाच नाही, तर विकर जिवंत होतं आणि त्याने स्टार्च फस्त केलं. असा माल नापास!

भुकटी कशी करतात?

पाश्चरीकरण झालेला द्रव एका उंच टाकीत बारीक फवाऱ्याच्या रूपात सोडतात. टाकीत गरम हवा खेळती असते. थेंब इतके सूक्ष्म असतात की खाली पडेपर्यंत त्यांतलं पाणी उडून जातं आणि तळाशी भुकटी जमा होते. दुधाची पावडरही अशीच तयार होते.

पण पांढऱ्या बलकात एक अडचण आहे. त्यात अगदी थोडी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ग्लुकोज साखर असते. पाणी गेलं की तिचं प्रमाण वाढतं. ही साखर आणि प्रथिनं यांची साठवणीत हळूहळू अभिक्रिया होते आणि भुकटी तपकिरी पडते, वास येतो, फेसही नीट होत नाही. पोळीवर तव्यात तपकिरी ठिपके पडतात, तीच ही अभिक्रिया, फक्त संथ गतीने. म्हणून वाळवण्याआधी यीस्टच्या साहाय्याने किंवा विकर वापरून ही साखर काढून टाकतात. शिवाय पांढऱ्या बलकाची भुकटी नंतर गरम खोलीत, सुमारे ५४ अंशाला किंवा त्याहून जास्त तापमानाला, आठवडाभर ठेवतात. द्रव अवस्थेत जे तापमान जास्त वेळ सोसलं नसतं, ते कोरड्या अवस्थेत सोसतं आणि उरलेसुरले जंतूही मरतात.

गोठवण्यातही एक गंमत आहे. पिवळा बलक उणे ६ अंशाच्या खाली गेला की लोण्यासारखा घट्ट होतो आणि वितळवल्यावर पुन्हा पातळ होत नाही. त्यावर उपाय म्हणजे गोठवण्याआधी साधारण १० टक्के मीठ किंवा साखर मिसळणं. मीठ घातलेला बलक मेयोनीजच्या कारखान्यात जातो, साखर घातलेला बेकरीत आणि आइस्क्रीममध्ये. काय घालायचं ते पुढच्या पदार्थावरून ठरतं.

आता थोडे गणित

पूर्ण अंड्यात ७५ टक्के पाणी, म्हणजे २५ टक्के घन भाग. म्हणून ४ किलो द्रवापासून सुमारे १ किलो भुकटी मिळते. उलट करायचं असेल तर १ भाग भुकटी आणि ३ भाग पाणी. एका अंड्याऐवजी साधारण साडेबारा ग्रॅम भुकटी आणि साडेसदतीस मिलिलिटर पाणी.

समजा एका बेकरीला रोज १० किलो द्रव अंडं लागतं. ५० ग्रॅमच्या हिशेबाने ती २०० अंडी झाली. ३० अंड्यांच्या ट्रेने सातवा ट्रे फोडावा लागणार. त्याऐवजी अडीच किलो भुकटीची एक पिशवी आणि साडेसात लिटर पाणी पुरतं. जागा, फ्रीज आणि तुटफूट, सगळं वाचतं.

पांढऱ्या बलकाचं गणित मात्र डोळे उघडणारं आहे. १ किलो भुकटीला सुमारे ८ किलो पांढरा बलक लागतो. एका अंड्यात तो ३२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २५० अंडी! पांढऱ्या बलकाची भुकटी महाग का, ते आता लक्षात आलं असेल.

अन्नपदार्थांत उपयोग

अंडं पदार्थात नेमकं काय काम करतं, हे कळलं की उपयोग पाठ करावे लागत नाहीत.

फेस धरणे : पांढरा बलक घुसळला की त्याची प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा तयार करतात. स्पंज केक फुगतो तो यामुळे. तमिळनाडूतल्या तूतुकुडीचे प्रसिद्ध मॅकरून पांढरा बलक, साखर आणि काजू यांचेच असतात. मात्र पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब जरी पडला तरी फेस नीट येत नाही, कारण स्निग्ध पदार्थ बुडबुडे मोडतात.

तेल-पाणी एकत्र बांधणे : पिवळ्या बलकात लेसिथिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून मेयोनीजमधलं तेल आणि व्हिनेगर वेगळं होत नाही. याला पायसीकरण म्हणतात.

घट्ट करणे आणि बांधणे : कस्टर्ड, पुडिंग, कटलेट. गोव्याच्या बेबिंकाचे थर आठवा. नारळाचं दूध आणि भरपूर पिवळे बलक, प्रत्येक थर भाजत भाजत घट्ट करायचा. आपल्या रत्नागिरीकडे माशांपासून सुरिमी तयार होते. अशा सुरिमीपासून केलेल्या खेकड्याच्या चवीच्या कांड्यांना चिवटपणा यावा म्हणून त्यांत बरेचदा पांढऱ्या बलकाची भुकटी वापरतात.

रंग आणि चमक : पाव, पॅटिस यांच्यावर अंड्याचा हात फिरवला की भाजताना सोनेरी रंग येतो. अंड्याच्या शेवयांना पिवळेपणा येतो तो बलकामुळे.

टिकवणे : पांढऱ्या बलकातून लायसोझाइम हे विकर वेगळं काढतात. ते काही जिवाणूंच्या भिंती फोडतं, म्हणून काही प्रकारचं चीज फुगून खराब होऊ नये यासाठी वापरतात. पाकिटावर त्याचा क्रमांक ११०५ असा असतो.

आणि कवच? तेही वाया जात नाही. त्यात ९० टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असतं. दळून ते पशुखाद्यात आणि खतात वापरता येतं.

युद्धातली अंडी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ताज्या अंड्यांची टंचाई झाली. जहाजात जागा थोडी आणि समुद्रात पाणबुड्यांची भीती. कवचासकट अंडी आणणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच वाहून आणण्यासारखं! मग १९४२ पासून अमेरिकेतून अंड्याची भुकटी येऊ लागली आणि रेशनवर मिळू लागली. एका पाकिटात १२ अंड्यांइतकी भुकटी. एक चमचा भुकटी, दोन चमचे पाणी, झालं एक अंडं. अनेक मुलांनी त्या काळात अंड्याची चव या पाकिटातूनच घेतली.

आपल्या शेतकऱ्याचा संबंध

इथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो. तुमच्यापैकी काहींच्या घरी पोल्ट्री आहे. श्रावण आला की घरात काय बोलणं चालतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. निम्मं गाव मांसाहार बंद करतं, मागणी घटते, भाव पडतात. पण कोंबडीला श्रावण नसतो! चांगली अंड्याची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, रोजचं खाद्य खाते. अंडं साठवायचं म्हटलं तर उन्हाळ्यात किती दिवस टिकणार? म्हणून मिळेल त्या भावाला विकावं लागतं.

भावाच्या याच प्रश्नावरून १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, स्थापन झाली. पुण्याशी तिचा जवळचा संबंध आहे. ही समिती रोजचे भाव सुचवते. पण भाव सुचवल्याने अंडं टिकत नाही. टिकतं ते प्रक्रियेने. जास्तीची अंडी, आकाराने लहान असल्यामुळे बाजारात मागे राहणारी अंडी भुकटीच्या कारखान्यात गेली, तर ती पुढे कित्येक महिने विकता येतात. तमिळनाडूत नामक्कल हा अंड्यांचा मोठा पट्टा आहे. शेजारच्या इरोडमध्ये अंड्याची भुकटी तयार होऊन जपान, युरोपपर्यंत निर्यात होते. आपल्याकडच्या मुलांनी अन्नतंत्रज्ञान शिकून हा विचार करायला हरकत नाही.

पाकीट कसे वाचावे?

अंडं असलेल्या पदार्थाच्या पाकिटावर भारतात मांसाहाराचं तपकिरी चिन्ह असतं. घटकांच्या यादीत 'अंड्याची भुकटी', 'अंड्याचा पांढरा बलक' असे शब्द शोधा. लेसिथिन हा क्रमांक ३२२. तो सोयाबीनपासूनही मिळतो आणि अंड्यापासूनही, म्हणून पुढे काय लिहिलंय ते वाचा. काही मुलांना अंड्याची ॲलर्जी असते. अशा मित्राला केक देताना आधी विचारा. भुकटी झाली म्हणून ॲलर्जी जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे

केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली. शब्द नीट बघा, बंदी 'कच्च्या अंड्याच्या' मेयोनीजवर! मेयोनीज शिजवत नाहीत. अंडं फोडायचं, तेल घालून घुसळायचं, झालं. अंड्यात साल्मोनेला असेल तर तो तसाच राहतो. हा जिवाणू कवचावरच्या विष्ठेतून येतो आणि कधी कधी आजारी कोंबडीच्या शरीरातूनच अंड्याच्या आत आलेला असतो. म्हणजे अंडं बाहेरून कितीही स्वच्छ दिसलं तरी खात्री नाही. त्यात सकाळी केलेलं मेयोनीज गाडीवर उन्हात रात्रीपर्यंत ठेवलं, तर एकाचे हजार आणि हजाराचे लाख व्हायला वेळ लागत नाही.

खाल्ल्यावर साधारण ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत ताप, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांना धोका जास्त. असं झालं तर ओआरएस पाजा आणि डॉक्टरांकडे न्या. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

विचित्र गोष्ट बघा. ज्या तमिळनाडूतून सुरक्षित अंड्याची भुकटी परदेशी जाते, त्याच राज्याला रस्त्यावरच्या कच्च्या मेयोनीजवर बंदी आणावी लागली. ज्ञान आपल्याजवळच आहे, ते गाडीपर्यंत पोचायला हवं, एवढंच.

आणि एक सावधगिरी. पाश्चरीकरण केलेलं अंडंसुद्धा फोडलेल्या पाकिटात बाहेर ठेवलं तर पुन्हा दूषित होतं. भुकटीत पाणी मिसळलं की ती ताज्या अंड्याइतकीच नाशिवंत. लगेच वापरा.

घरी एवढे कराच

• अंडं पांढरा आणि पिवळा दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.
• केकचं कच्चं मिश्रण बोटाने चाटू नका. मोह होतो, मला माहीत आहे!
• अंडं फोडल्यावर हात साबणाने धुवा.
• तडकलेलं अंडं दुकानातून घेऊ नका.
• गाडीवर मेयोनीज घेण्याआधी दादांना विचारा, "कच्च्या अंड्याचं आहे की पाकिटातलं? फ्रीजमध्ये ठेवता का?" विचारायला लाजू नका.

स्वाध्याय

१) दुधाइतक्या तापमानाला अंड्याचं पाश्चरीकरण का करत नाहीत?
२) आयोडीन टाकल्यावर रंग आला नाही, तर तो माल का नाकारावा? तुमच्या शब्दांत लिहा.
३) एका आइस्क्रीमच्या कारखान्याला ६ किलो द्रव पूर्ण अंडं हवं आहे. भुकटी आणि पाणी किती लागेल? ताजी अंडी किती लागली असती?
४) उपक्रम : घरातल्या पाच पाकिटांवरची घटकांची यादी वाचा. कोणत्या पाकिटात अंडं किंवा लेसिथिन आहे, ते वहीत नोंदवा.
५) फ्रँकीतलं मेयोनीज चालतं का? चार ओळींत उत्तर द्या आणि कारण लिहा.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर घरी आईबाबांनाही वाचून दाखवा. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने काय लिहिलं, सांगू? "चालतं, पण आधी विचारून." मी त्याला पूर्ण गुण दिले.

पुन्हा भेटू, पुढच्या पाठात. अभ्यास करा, प्रश्न विचारत राहा!